गोधडीला पाणी लागू देऊ नये

गोधडीलासुद्धा पाया लागतो, हे मला आजी व्हायची वेळ आली तेव्हा कळलं. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की पाया घराला लागतो, भट्टीला लागतो, आणि आमच्या ह्यांच्या मते कोणतंही विधान करण्याआधी लागतो. चिंध्यांना कशाला लागेल?

झालं असं, की आमची प्रांजली पहिल्या बाळंतपणाला भिलाईला, स्मृती नगरच्या घरी आली, आणि तिच्या मागोमाग तिच्या सासूबाईंचा, नागपूरच्या शिल्पाताईंचा फोन आला. "पाळण्यासाठी मी ब्लँकेट घेऊन ठेवलं बरं का. इम्पोर्टेड आहे. त्याच्यावर जिराफ आहेत."

जिराफांशी माझं काही वैर नाही. पण बारसं माहेरी, पाळणा माहेरचा, आणि त्यात बाळाच्या अंगाखाली पहिलं काय, तर जिराफ? आमच्याकडे लेकरू पाळण्यात पहिल्यांदा निजतं ते घरातल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कपड्यावर. तेव्हा मी अगदी सहज आवाजात म्हणून गेले, "अहो, कशाला त्रास घेतला? मी गोधडी शिवतेय. होतच आली आहे."

होत काहीच आलं नव्हतं. होती ती चिंध्यांनी भरलेली एक ट्रंक. स्टील प्लांटच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरमध्ये असताना मी शेजारणींचे ब्लाउज शिवत असे. शिकवलं कोणी नाही. आपलाच एक ब्लाउज उसवून, त्याचे तुकडे फरशीवर मांडून, पुन्हा जोडून शिकले. पहिल्यांदा जोडला तेव्हा एक बाही उरली होती, पण ते असो. तेव्हापासूनचा एकेक तुकडा मी जपला. ह्यांचं म्हणणं, स्मृती नगरच्या घरात एक खोली माणसांसाठी जास्त बांधली, तीत ट्रंक राहते.

मोबाइलवर एक परदेशी बाई चिंध्यांची गोधडी शिवून दाखवते. ती म्हणाली, वेड्यावाकड्या चिंध्या एकमेकींना नुसत्या जोडू नका. आधी खाली एक पाया घ्या, त्याच्यावर रेघा आखा, आणि चिंध्या त्या पायावर शिवत जा. पाया कशाचा हे मात्र विचार करून ठरवा. मी विचार न करता, पायाशिवायच एक चौकोन शिवून पाहिला. पॉपलिन, जॉर्जेट, नायलॉन, खण, प्रत्येकाची ओढ वेगळी. शिवून झाल्यावर तो चौकोन हुबेहूब छत्तीसगडच्या नकाशासारखा दिसत होता. खाली बस्तर लोंबत होतं.

मग मात्र माझ्या डोक्यात किडा शिरला. कशाचा घ्यावा पाया? मी घरातली प्रत्येक वस्तू दोन बोटांत धरून चोळायला लागले. पडदा, पिशवी, पापडाखालचा कागद, जेवता जेवता ह्यांच्या सदऱ्याची बाही.

"काय करून राहिली?" हे म्हणाले.

"पाया पाहतेय."

ह्यांनी बाही काढून घेतली.

सासूबाई खिडकीजवळच्या पलंगावर बसून सगळं पाहत होत्या. सिंधुताई त्यांचं नाव. वयाने ऐंशीच्या पुढे, कानाने पक्क्या. आयुष्यात त्यांनी निदान शंभर गोधड्या घातल्या असतील, सगळ्या हाताने. "पाया कायले हवा वो? लुगडं आथरा, वरून लुगडं आथरा, टाके घाला. झालं."

"आई, ही तशी नाही. ही चिंध्या जोडून करायची आहे. कोपऱ्याला कोपरा जुळला पाहिजे."

"लेकरू का कोपरे मोजन?"

मी उठून शेजारच्या रत्नमालावहिनींकडे गेले. रत्नमालावहिनींना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येतं, न विचारलेल्या चार प्रश्नांचीही येतात. त्या म्हणाल्या, "पेपर घे. आमच्या चरोद्याच्या नणंदेनं रेल्वे क्वार्टरात बसून पेपरवर पूर्ण चादर केली. टीप मारायची, मागून पेपर फाडून टाकायचा. फुकटात काम." मग त्यांनी बाळंतिणीला डिंकाचे लाडू कसे द्यावेत, माझं ब्लडप्रेशर कावून वाढून राहिलं, आणि आमच्या आंब्याला मोहर कमी का, हेही सांगितलं.

पेपर उत्तम. रेघा आखता येतात, चिंध्या सरकत नाहीत. तीन चौकोन असे सरळ आले की मी ते भिंतीला लावून लांबून पाहिले. मग कागद फाडायला बसले. टाक्यांत अडकलेले कपटे चिमट्याने काढताना मान धरली. प्रांजलीने एक पांढरा चौकोन उजेडात धरला आणि म्हणाली, "आई, ये क्या लिखा है?"

पॉपलिनवर शाई उतरली होती. उलट्या अक्षरांत, पण नीट वाचता येईल अशी: बवासीर का शर्तिया इलाज.

"धुतलं की जाईल," मी म्हणाले.

ते गेलं नाही. फिकट झालं, आणि त्यामुळे जास्त खरं वाटायला लागलं. माझी नात की नातू त्या मूळव्याधीच्या जाहिरातीवर निजलेला आणि शिल्पाताई चष्मा लावून वाकलेल्या, हे चित्र मला पुढे बरेच दिवस दिसत होतं.

म्हणजे कागद पाहिजे, पण कोरा आणि पातळ. तसा कागद कुठे आहे हे मला ठाऊक होतं. आमच्या मराठी मंडळाच्या कपाटात, टाइपरायटरच्या काळातला, कार्बनकॉपीखाली घालायचा तो कांद्याच्या सालीसारखा कागद गठ्ठ्यांनी पडून होता. टाइपरायटर जाऊनही जमाना झाला. मी मंडळाच्या सचिवांना, भय्याजींना भेटले. भय्याजी प्लांटमधून निवृत्त झाले, पण प्लांट त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही.

"अर्ज द्या," ते म्हणाले. "वापराचा उद्देश लिहा. कागद परत कधी येणार?"

"परत नाही येणार. शिवून फाडायचा आहे."

भय्याजींनी पेन खाली ठेवलं. "फाडायचा आहे. म्हणजे वस्तू नष्ट होणार. मग थे माह्या हातात नाही, वहिनी. वस्तू रजिस्टरातून कमी कराले निर्लेखन समिती बसवावी लागंन."

"कोण आहे समितीत?"

"आधी समिती नेमाले सभा घ्यावी लागंन."

मी अर्ज दिला. उद्देश: बालसंगोपन. घरी येताना जरा मान ताठ होती, कारण आपल्या गोधडीसाठी समिती बसते ही गोष्ट प्रत्येकीच्या नशिबी नसते.

समिती बसेपर्यंत मी बुकरम आणलं, कॉलरला घालतात ते. त्याचा पाया घेऊन शिवलेला चौकोन टेबलावर उभा राहिला. कोणी न धरता. पुढे जुनी चादर फाडून पाहिली, तर चिंध्यांसह ती एवढी जड झाली की ऐन चैत्रात, भिलाईच्या उन्हात, लेकराला त्याखाली ठेवणं म्हणजे त्याला भट्टीवर कामाला लावण्यासारखंच होतं. समोरचे भैयालालजी, आयुष्यभर स्टोअरमध्ये नोकरी केलेले, फाटकातूनच म्हणाले, "भाभीजी, आप पहले मटेरियल लेती हो, फिर सोचती हो. उल्टा है. पहले स्पेसिफिकेशन बनाओ."

हे मला पटलं. स्वयंपाक झाल्यावर बसून मी स्पेसिफिकेशन केलं. पाया पातळ असावा. ताणला तर ताणू नये. रेघ आखता यावी. आणि शक्य तर आरपार दिसावं, म्हणजे खालची चिंधी कुठवर आली ते वरून कळेल. जगात असं काही नसतं हे मला दिसतच होतं. पण निदान काय नसतं ते नेमकं कळलं.

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांचं एखादं जुनं धोतर सापडतं का म्हणून कपाटावरचं सामान काढत होते. धोतर नव्हतं. मागे, भिंतीला लागून, ह्यांचं पत्र्याचं नळकांडं होतं.

त्या नळकांड्याबद्दल सांगायला हवं. आमचे हे, नरहरी, प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये ड्राफ्ट्समन होते. त्यांचे वडील त्याच ऑफिसात ट्रेसर, म्हणजे नकाशे कापडावर उतरवून घेणारे, होते. पुढे कंप्युटर आले, ड्रॉइंगचे बोर्ड गेले, आणि हे माऊस धरून निवृत्त झाले. जाताना साहेबांनी आठवण म्हणून ट्रेसिंगच्या कापडाचा एक शिल्लक रोल दिला. त्या रोलचा गेटपासही हे अजून नळकांड्यातच ठेवतात, कोणी विचारलं तर असावा म्हणून. निवृत्तीनंतर ह्यांनी पेन्सिल हातात धरली ती फक्त शब्दकोड्यासाठी. दुपारी नुसते बसत. विचारलं तर म्हणत, "बसून राहिलो."

मी झाकण काढलं, टोक जरासं बाहेर ओढलं आणि दोन बोटांत धरलं. कापडच होतं, बारीक विणीचं, पण खळ घालून काचेसारखं गुळगुळीत केलेलं. किंचित निळसर. मी त्याच्याखाली हात धरला, तर माझी बांगडी आरपार दिसली. ओढून पाहिलं, तर ढिम्म हललं नाही.

"हात ओले आहेत का?" मागून ह्यांचा आवाज आला.

ह्या आवाजात ते माझ्याशी लग्नानंतर एकदाच बोलले होते, प्रांजली रांगत रांगत त्यांच्या ड्रॉइंग बोर्डाकडे निघाली तेव्हा.

"कोरडे आहेत. अहो, मला ह्यातलं हवंय."

"हे ड्रॉइंगचं कापड आहे, साधना. पाण्याचा एक थेंब पडला का डाग पडते, खळ जाते, खतम. आमच्या ऑफिसात चहा दाराबाहेर प्यावा लागे. याची गोधडी?"

"ठेवून तरी काय करणार?"

"काहीतरी काम निघंन."

"कोणतं?"

त्यांनी बाहेर आलेलं टोक बोटाने आत सरकवलं. मला वाईट वाटलं. प्रश्न मी कापडाबद्दल विचारला होता, लागला भलतीकडे. मी नळकांडं बंद करून त्यांच्या हातात दिलं आणि भाजी चिरायला गेले.

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तुझ्या त्या चौकोनात टॉलरन्स किती?"

"म्हणजे?"

"शिवण इकडे तिकडे किती हलली तर चालते?"

"एक सूत."

"एक सूत लय होते," ते म्हणाले. "अर्ध्यात बसवू."

रेघा आखायचा तो लाकडी टी-स्क्वेअर कुठून निघाला मला माहीत नाही. माझी शिलाई मशीन सरकवून जेवणाच्या टेबलाचा बोर्ड झाला, आणि आम्ही सगळे फरशीवर जेवायला लागलो. पेन्सिलीला त्यांनी असं टोक केलं की पाहूनच टोचावं. प्रत्येक रेघ सुईसारखी. मी चिंधी खालून लावायची, वरून दिसायची, रेघेवर टीप मारायची. कोपऱ्याला कोपरा असा बसला की मला पहिल्यांदा त्या परदेशी बाईची कीव आली. मी खालच्या कोपऱ्यात एक जांभळी चिंधी रेघ ओलांडून घातली, तर ते म्हणाले, "हे रिव्हिजन झालं. ड्रॉइंगवर आलं पाहिजे." आणि त्यांनी पुन्हा आखलं. दुपारी बसणं बंद झालं. प्रांजली पोट सावरत यायची, पाहायची आणि म्हणायची, "पापा तो फुल फॉर्म में हैं."

त्यांच्या अटी दोन. एक, मागे अस्तर लावायचं नाही, रेघा दिसल्या पाहिजेत. मी कबूल झाले; उन्हाळ्यात तसंही पातळच बरं. दुसरी, गोधडीला पाणी लागू द्यायचं नाही.

"नाही लागू देणार," मी म्हणाले.

"नाही लागू देणार," प्रांजली म्हणाली.

सासूबाईंनी एक कोपरा हातात घेतला, कानाजवळ नेऊन चुरगाळल्यासारखा केला, कुरकुर आवाज ऐकला आणि हसल्या. "बरं," म्हणाल्या.

आता वाचणाऱ्याच्या मनात जे आलं असेल, ते आमच्या घरात कोणाच्याच मनात आलं नाही. एक दोन पिढ्या वाढवलेली बाई, एक स्वतःची लेक वाढवलेली, एक नऊ महिने पूर्ण भरलेली. तान्ह्या बाळाची गोधडी, आणि तिला पाणी लागू द्यायचं नाही. आम्ही हे गंभीरपणे ठरवलं, आणि चहासुद्धा दाराबाहेर प्यायला लागलो.

मुलगी झाली. गोधडी बारशाच्या आदल्या दिवशी पुरी झाली. मागच्या कोपऱ्यात ह्यांनी काळ्या शाईने रीतसर चौकट आखली: ड्रॉइंग नंबर एक, स्केल पूर्ण, आखणार न. दे., शिवणार सा. दे., आणि खाली ठळक अक्षरात सूचना, पाण्यापासून दूर ठेवावे. 'मंजूर' हा रकाना रिकामा होता. "थे वरच्या अधिकाऱ्याचं काम," ते म्हणाले.

बारशाला अंगण भरलं. ह्यांच्या आग्रहाने गोधडी पाळण्यात रेघांची बाजू वर करून घातली होती. शिल्पाताई दुर्गला गाडीतून उतरून थेट आल्या, काखेत जिराफ. त्यांनी गोधडी बोटाने दाबून पाहिली. ती वाजली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण जरा पापडासारखी आहे, नाही का? टोचेल तिला. वरून आपण हे घालू."

खरंच टोचेल असं मलाही तेव्हाच वाटलं. महिनाभर मी कोपरे पाहिले होते. गालाला लावून एकदाही पाहिली नव्हती. हे पाळण्याच्या उशाशी पहारा देत उभे होते. त्यांनी चौकटीच्या कोपऱ्यावरून एकदा हात फिरवला.

"राहू द्या, आई," प्रांजली सासूला म्हणाली. "पहले इसी पे सोएगी. फिर जिराफ."

बाळाला ठेवलं. बायकांनी पाळण्याची दोरी धरली. रत्नमालावहिनींनी पाळणा म्हणायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या कडव्यात बाळाने एकदम शांत, विचारी चेहरा केला. ज्यांनी लेकरं पाहिली आहेत त्यांना तो चेहरा ठाऊक असतो. मला होता. मी पुढे झाले, पण गोधडीच्या मधोमध पांढरा डाग पसरत चौकटीकडे निघाला होता.

पाळणा म्हणणं थांबलं. आमचे हे डागाकडे पाहत राहिले. "गेलं," एवढंच म्हणाले, अगदी हळू, आणि मला जिराफ, शिल्पाताई, सगळं क्षुल्लक वाटायला लागलं.

तेवढ्यात उघड्या खिडकीतून, पलंगावरून, सासूबाईंचं हसू ऐकू आलं. पदर तोंडाला लावून त्या थरथरत होत्या.

"गेलं कायचं? आता झाली थे गोधडी. न्या, धुवा."

"आई, धुतलं तर खळ—"

"खळ जायासाठीच असते, नरू. तू कायच्या झबल्यात वाढला, ठाऊक हाये?"

हे पलंगाकडे वळले.

"तुह्या बाबाच्या हातून साहेबाचा चहा सांडला ह्या कापडावर. पुरा तावच्या ताव बाद. साहेब म्हणे, फेकू नको, घरी ने. मी नळाखाली धरलं, चोळलं. असं मऊ झालं, बापा, जशी साय. तुही दोन झबली निघाली अन् एक दुपटं. सेक्टर दोनमधल्या बाया इचारत, कुठून आणलं वो? मी सांगतलं नाही."

"बाबा कधी बोलले नाहीत."

"थे कायले बोलतीन? ऑफिसात सांगत, पाण्याचा थेंब चालत नाही. घरी पोरगा त्याच्यावरच मुते."

पहिल्यांदा समोरचे भैयालालजी हसले, मग अंगण. शिल्पाताईंनीही तोंडाला रुमाल लावला. हे मात्र हसले नाहीत. त्यांनी बाळाला प्रांजलीकडे दिलं, गोधडी उचलली, मागच्या नळावर नेली, आणि जिला थेंब लागू नये म्हणून आम्ही महिनाभर श्वास धरला होता, ती दोन्ही हातांनी चोळायला बसले. पांढरं पाणी मोरीत वाहत होतं. पेन्सिलीच्या रेघा गेल्या, शाईची चौकट गेली, सूचना गेली. चिंध्या होत्या तिथेच राहिल्या. एक शिवण हलली नाही. अर्धं सूतसुद्धा नाही.

चैत्रातलं ऊन, चहा होईपर्यंत वाळली. शिल्पाताईंनी ती गालाला लावली आणि बराच वेळ लावून ठेवली. "ह्याला अस्तर कोणतं घातलंत हो? कुठल्या कंपनीचं?"

"आमच्या घरचं आहे," मी म्हणाले. नातीचं नाव गुंजन ठेवलं. गोधडीवर ती संध्याकाळपर्यंत निजली. जिराफ सासूबाईंच्या गुडघ्यांवर गेले. त्यांना ते फार आवडले. कोणाची मान जास्त लांब ते त्या येणाऱ्याला दाखवत होत्या.

घुगऱ्या वाटायच्या वेळी भय्याजी आले, काखेत कागदांचा गठ्ठा. समितीने मंजुरी दिली होती, एकमताने. द्रोण संपलेच होते, म्हणून रत्नमालावहिनींनी त्यातले कागद ओढून घुगऱ्यांचे पुडे बांधायला घेतले.

"वहिनी," भय्याजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्देश बालसंगोपन होता. उद्देश बदलला तर नवा अर्ज लागते."

मी त्यांच्या हातात पुडा दिला.

पाहुणे गेल्यावर मी भांडी आवरत होते, तर मोरीत नळ सुरू असल्याचा आवाज. जाऊन पाहिलं, तर बादलीशेजारी पत्र्याचं नळकांडं, रिकामं, आणि त्याच्यावर वाळत घातल्यासारखा गेटपास. हे पाय मुडपून बसले होते. हातातलं निळसर कापड पाण्याखाली हळूहळू पांढरं होत होतं, आणि ते त्याच्याकडे अगदी वाकून पाहत होते.

"झबल्याला किती लागते?" वर न पाहता त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? आईंना विचारा."

ते तसेच ओल्या हातांनी पलंगाशी गेले. सासूबाईंनी जिराफांतून दोन्ही हात बाहेर काढले आणि हवेत एकमेकांपासून जरासे दूर धरले, एवढुसे.

"तू इतका होता," त्या म्हणाल्या.

ह्यांनी त्या दोन हातांमधलं अंतर टेप न लावता, नुसतं डोळ्यांनी घेतलं, आणि परत नळाकडे गेले.